पाहुणा मजकूर

माझी पत्रिका चार पानी.
शंभर प्रती, त्यातल्या चाळीस माझ्याच माळ्यावर.
उरलेल्या साठांना नदीचं दुखणं आधीच ठाऊक,
ते मला पावतीसारखं उत्तर पाठवतात:
"छान लिहिलंय, ताई."

म्हणून मी दुसऱ्यांच्या दारात जाऊ लागले.
वही पिशवीत, चपला उंबऱ्याबाहेर.

डिग्रजच्या दूध संस्थेनं फळा दिला,
फॅटच्या दराखालची दीड वीत.
सचिव म्हणाले, "खडू तुमचा तुम्ही आणायचा.
आणि संध्याकाळच्या दुधाआधी पुसायचं."
मी लिहिलं: काल घाटाखाली अकरा वांबी मेल्या.
किटल्या घेऊन रांग उभी होती.
एका बाईनं मोठ्यानं वाचलं,
आणि वाचता वाचता वरचा दरही वाचला,
त्याच आवाजात.

सांगलीच्या हळद पेठेत जिनगोंडा मगदूम अडत्यानं
दिनदर्शिकेतला भाद्रपद दिला.
"पंधरवड्यात सौदं मंद. जागा मोकळीच असती, घाला काय घालायचं ते."
त्याच्या बोटांचा पिवळा ठसा अजून माझ्या वहीवर आहे.
मी माशांची नावं घातली,
मरळ, कानस, शिंगटी, खवल्या,
तिथीगणिक एक,
पितरांना पान वाढावं तशी.
सर्वपित्रीच्या चौकटीत काहीच लिहिलं नाही.
छापखान्यानं तिथं खताची जाहिरात बसवली.

पाहुण्यानं कसं बसावं, हे मला आईनं शिकवलं होतं.
पाय पोटाशी घ्यावेत.
आमटीत मीठ कमी असलं तरी वाटी पुढं करावी.
पण मीठ नसून विष असलं तर,
हे तिनं सांगितलं नव्हतं.
तिच्या वेळी लोक नदीचंच पाणी पीत.

मग कारखान्याच्या वार्षिक अंकातून सदामते सरांचा फोन.
"पान सत्तेचाळीस रिकामं आहे. नदीवर काहीतरी प्रसन्न द्या.
मळी, टँकर, रात्र,
एवढे तीन शब्द सोडून काहीही."

ते तीन शब्द उशाला घेऊन मी जागले.
उजाडता उजाडता एका वांबीवर लिहिलं.
तिला डोळ्यांनी फार दिसत नाही,
ती पाणी कातडीनं ओळखते.
पहाटे तीनला पाणी कोमट का होतं
तिला कळत नाही.
गोड लागतं, एवढंच.
ती वर येते.

जसंच्या तसं छापून आलं.
शेजारच्या पानावर अध्यक्ष ढाल स्वीकारताना.
सदामते सर म्हणाले, "भाषा गोड आहे हो तुमची."

दोन महिने काही नाही.
मग एका दुपारी दारात एक माणूस,
खाकी शर्ट, चपला उंबऱ्याबाहेर.
खिशातून घडी केलेलं पान काढलं, सत्तेचाळीस.
"बाई, ह्ये पहाटं तीनचं तुमाला कुणी सांगितलं?"
मी म्हटलं, "वांबीनं."
तो हसला नाही.
पाणी दिलं, ते त्यानं आधी उजेडात धरलं,
मग प्याला.

जाताना कट्ट्यावर एक डायरी ठेवली.
गाडीचे फेरे. तारीख, वेळ, लिटर,
आणि शेवटच्या रकान्यात, जिथं ठिकाण लिहायचं,
नुसती एक वेलांटी, पाण्यासारखी.
"माझं नाव नगं."
मी म्हटलं, "माझ्या पत्रिकेत घालते."
"तिथं नगं," तो म्हणाला, "तिथं तुमचीच माणसं वाचत्यात.
डेअरीच्या फळ्यावर ल्ह्या.
आमची म्हातारी दूध घालाया येती तिथं.
तिला वाटतंय, मी साखर वाहतो."

आज म्हशीचा दर बदलला, दोन ओळी वाढल्या.
माझी जागा एक वीत उरली.
सचिव माझ्याकडं बघतात, मग डायरीकडं,
मग उगाच वजनकाटा पुसत बसतात.

तारीख बसेल.
वेळ बसेल.
लिटर उद्या.